गणिताशी गट्टी : सदतीसास एक

दोस्तांनो, कर्जतहून खोपोलीच्या लोकलमध्ये बसलात की पहिलं स्टेशन येतं पळसदरी. छोटंसंच, पण इथे वाटा फुटतात. एक रूळ डोंगराच्या पायथ्याने खोपोलीला जातो आणि दुसरा बोरघाट चढून खंडाळ्याला. घाटातली ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याआधी लोक खोपोलीला उतरायचे आणि पालखीतून नाहीतर घोड्यावरून खंडाळा गाठायचे!

या घाटातला सगळ्यात कडक चढ आहे ‘सदतीसास एक’. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. तुमच्या वहीत हाच चढ १/३७ असा लिहाल. आता कॅल्क्युलेटरवर १ भागिले ३७ करून बघा. ०.०२७०२७० असं काहीतरी दिसेल. पण समजा, कुणी नुसता हा दशांशच तुमच्या हातात ठेवला, तर त्यातून तो ३७ परत बाहेर काढता येईल का?

आधी सोपं उदाहरण घेऊ. ०.७५ मध्ये बिंदूनंतर दोन अंक, म्हणून छेद १००. झाले ७५/१००. दोघांचा मसावि २५. त्याने भागलं की ३/४. आजीला विचारलंत तर ती एका शब्दात सांगेल, पाऊण! ०.६२५ मध्ये तीन अंक, म्हणून ६२५/१०००. मसावि पटकन सुचला नाही तर ५ ने भागत चला : १२५/२००, मग २५/४०, मग ५/८. हे झालं अतिसंक्षिप्त रूप.

इथे ३ ने भाग जातो का, ७ ने जातो का, हे बघत बसू नका बरं. १०, १००, १००० यांचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. भाग जायचा तर याच दोघांनी. अंश विषम असेल आणि त्याच्या शेवटी ५ नसेल, तर काटाकाटी तिथेच संपली.

आता आपला घाट. ०.०२७ म्हणजे २७/१०००. अंश विषम, शेवटी ७. संपलं! मग ३७ गेला कुठे? आणखी अंक घेऊन पाहू : २७०२७/१००००००. तरीही संक्षेप होत नाही. होणार कसा? आपण दशांश मध्येच तोडला. ०२७, ०२७, ०२७ ही माळ खरं तर कधी संपतच नाही. असा दशांश आवर्ती.

त्याला एक युक्ती आहे. या संख्येला ‘क’ म्हणू. क ची हजारपट म्हणजे २७.०२७०२७… त्यातून क वजा करा. बिंदूनंतरच्या दोन्ही शेपट्या अगदी सारख्या, त्यामुळे त्या साफ उडाल्या! उरलं ९९९ क = २७. म्हणून क = २७/९९९. आता मात्र २७ ने भाग जातो आणि उत्तर येतं १/३७.

‘‘पण ०.०२७ धरलं तर बिघडलं काय?’’ असं बाबा विचारतील. फार नाही, एका किलोमीटरला उंचीत जेमतेम इंचभर फरक. पण घाईघाईत ०.०३ लिहिणारेही असतात. चढावर गाडीला मागे ओढणारा जोर काढायचा तर तिच्या वजनाला चढाने गुणायचं. १००० टनांच्या गाडीला १/३७ ने गुणलं तर येतात सुमारे २७ टन, ०.०३ ने गुणलं तर ३० टन. नसलेलं तीन टनांचं ओझं इंजिनाच्या गळ्यात! २७ टन तरी थोडे का आहेत? त्यासाठीच तर घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात.

आता तुमची पाळी. ०.०३७०३७०३७… याचं अतिसंक्षिप्त रूप काढा. उत्तर ओळखीचं वाटेल. ते का, तेही शोधा. उत्तर पुढच्या अंकात.