गुन्ह्यातली डॉक्टरेट

क्रिमिनॉलॉजीत पीएचडी म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं, हे मी पैज लावून सांगू शकते. एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवतायत, दया दरवाजा तोडतोय आणि डॉ. साळुंखे टेस्ट ट्यूब हलवत ‘बॉस, खून विषाने झालाय’ टाइप काहीतरी सांगतायत. १९९८ साली ‘सीआयडी’ सुरू झाली आणि अख्ख्या देशाचं गुन्हेशास्त्राचं शिक्षण सोनी टीव्हीने पार पाडलं. उरलंसुरलं आता नेटफ्लिक्स पूर्ण करतंय. त्यामुळे कुणी हा विषय काढला, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे तू डेड बॉडी वगैरे बघणार?’

माझ्या एका मैत्रिणीला सध्या हा प्रश्न आठवड्यातून तीनदा ऐकावा लागतोय. मॅडम एका खासगी बँकेत फ्रॉड मॉनिटरिंगला आहेत. वय एकतीस, ऑफिस बीकेसीत, पगार झकास, डोंबिवलीतल्या वन बीएचकेचा हप्ता चालू. आणि एका शनिवारी कॉफी पिता पिता म्हणाली, नोकरी सोडून क्रिमिनॉलॉजीत पीएचडी करायचीय. तिचा बॉस म्हणाला, सायबर क्राइमचा एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स कर ना, लिंक्डइनवरही छान दिसेल. काकू म्हणाल्या, ‘अगं, मग सरळ वकिलीच कर की. दारावर पाटी तरी लावता येईल.’ मी फक्त विचारलं, का?

तर तिचं म्हणणं असं. दिवसभर तिच्या स्क्रीनवर म्यूल अकाउंट येतात. म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी कुणीतरी कुणाला तरी वापरायला दिलेली खाती. खातं बहुतेक वेळा विशी-बाविशीतल्या पोराचं असतं. चार-पाच हजारांसाठी त्याने एटीएम कार्ड आणि सिम कुणाच्या तरी हातात ठेवलेलं असतं. ‘आम्ही खातं गोठवतो, रिपोर्ट वर पाठवतो, विषय संपला. त्या पोराने खातं का दिलं, त्याला काय सांगितलं होतं, पुढे त्याचं काय झालं, हे लिहायला आमच्या सिस्टिममध्ये कॉलमच नाही गं.’

मला वाटतं, पीएचडीच्या अर्जावर लिहायला याहून चांगलं कारण नसेल. कारण क्रिमिनॉलॉजी म्हणजे नेमकं हेच, त्या नसलेल्या कॉलमचं शास्त्र. रक्ताचे डाग तपासतं ते फोरेन्सिक सायन्स. कुठलं कलम लागतं ते सांगतो कायदा. आरोपी पकडणं हे पोलिसांचं काम. गुन्हा का घडतो, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, शिक्षेने माणूस सुधारतो की आणखी बिघडतो, असले डोक्याला ताप देणारे प्रश्न क्रिमिनॉलॉजीच्या वाट्याला येतात. हे समाजशास्त्राचं भावंड आहे. पांढरा कोट आणि टेस्ट ट्यूब यांचा इथे फारसा संबंध नाही.

आता या विषयाची कुंडली बघा. १८७६ मध्ये चेझारे लोम्ब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरने एक ग्रंथ लिहिला. कैद्यांच्या कवट्या, कान, जबडे मोजून त्याने जाहीर केलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते शरीरावरून ओळखता येतं. आज आपण हसतो. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, आपल्याकडे इंग्रजांनी कान-नाक मोजायचेही कष्ट घेतले नव्हते. क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट करून जमातीच्या जमाती ‘जन्मतः गुन्हेगार’ ठरवून टाकल्या. हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अशी मोठी वसाहतच होती. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. शिक्का मात्र पुसला गेला नाही. तो कसा चिकटून राहतो, हे ज्यांना वाचायचंय त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचावं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे.

आणि ही फार जुनी गोष्ट आहे असं समजू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगांमधली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडू कुणाच्या हातात द्यायचा आणि स्वयंपाकघरात कुणाला पाठवायचं, हे जातीवरून ठरवणारे नियम कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये तोवर छापलेले होते. विमुक्त जमातींकडे ‘सराईत’ म्हणून बघणारी कलमंही त्यातच. हे प्रकरण कोर्टात कुणी नेलं? सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी, राज्याराज्यांच्या नियमावल्या खणून काढून. त्यांनी कुठली पीएचडी त्यासाठी केली नव्हती, पण चांगली पीएचडी याच जातीची मेहनत मागते. धूळ खात पडलेला कागद काढा, ओळ न् ओळ वाचा आणि विचारा, हे असं का?

आकड्यांचंही तेच. ‘गुन्ह्यांमध्ये वाढ’ अशी बातमी दरवर्षी येते, आपण दरवर्षी घाबरतो आणि बायकांच्या डब्यात दोन दिवस चर्चा होते. हे आकडे येतात एनसीआरबीकडून, म्हणजे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोकडून. त्यांच्या मोजणीचा एक नियम ऐका. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील, तर सगळ्यात गंभीर असेल तोच मोजायचा. बलात्कार करून खून झाला, तर तक्त्यात तो फक्त खून. शिवाय हे सगळे नोंदवलेले गुन्हे. एखाद्या शहरात पोलीस तक्रार नीट लिहून घ्यायला लागले, की त्या शहराचा आकडा वाढतो आणि ते ‘बदनाम’ होतं. जिथे बाईला चौकीच्या दारातूनच परत पाठवतात, ते शहर कागदावर एकदम साधुसंत! हा फंडा एकदा कळला की पेपर पूर्वीसारखा वाचता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

आणखी एक आकडा. २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. चारातले तीन! तुरुंग म्हणजे गुन्हेगार ठेवायची जागा, ही आपली समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही.

आपल्यासारख्या एसीत बसणाऱ्यांसाठीही या विषयात एक खास कोपरा आहे. १९३९ मध्ये एडविन सदरलँड या अमेरिकन प्राध्यापकाने भर परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना ‘व्हाइट कॉलर क्राइम’ हा शब्द टाकला. तोवर गुन्हा म्हणजे गरिबांचं काम, अशीच समजूत होती. मग त्याने अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांचे कारनामे गोळा करून पुस्तक लिहिलं. १९४९ मध्ये ते आलं, पण प्रकाशक बदनामीच्या खटल्याला टरकला आणि कंपन्यांची नावं गाळून. नावांसकट आवृत्ती यायला १९८३ उजाडलं. सदरलँड १९५० मध्येच गेला होता. खातं विकणाऱ्या पोराचं नाव एका मिनिटात सिस्टिमवर येतं आणि कंपनीचं नाव छापायला चौतीस वर्षं लागतात. माझ्या मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

बरं, आता पोटापाण्याचं बोलू. कारण कुतूहलाने ईएमआय भरला जात नाही. नेटच्या परीक्षेत क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशासाठीही धरतात. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. जेआरएफला वयाची अट तिशीची, पण बायकांना पाच वर्षांची सवलत, त्यामुळे आमच्या मॅडम अजून बसतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि अगदीच अडलं तर वाढीव मुदत. नोकरी सांभाळून पार्ट टाइमही करता येते, फक्त ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात ‘हिला अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल’ असं ऑफिसने लिहून द्यायचं असतं. तुमचा बॉस हे वाक्य कोणत्या चेहऱ्याने टाइप करेल, याची कल्पना करून बघा!

जागा? मुंबईत देवनारला टिस आहे, तिथलं क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचं केंद्र प्रसिद्ध आहे. बाहेर चेन्नई, तिरुनेलवेली, धारवाड, सागर इथल्या विद्यापीठांत हा विषय वर्षानुवर्षं शिकवला जातो. गांधीनगरला राष्ट्रीय फोरेन्सिक सायन्स विद्यापीठ आहे. पण विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. पाच वर्षं त्या माणसाचे ईमेल वाचायचेत तुम्हाला. तेव्हा त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठा, चहा पाजा आणि खरं काय ते काढून घ्या. लग्न ठरवताना करतो तेवढी चौकशी तरी कराच.

इथवर सगळं जमण्यासारखं आहे. खरी गोम पुढे आहे, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

एक म्हणजे दरवाजा. तुरुंग हा राज्याचा विषय, त्यामुळे परवानगी राज्याकडून. आपल्याकडे कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात. २०१५ मध्ये तिहारमधल्या एका कैद्याची मुलाखत असलेल्या बीबीसीच्या माहितीपटावरून गदारोळ झाला, त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सूचना पाठवून बाहेरच्यांना आत सोडण्याचे नियम आवळले. इथे दरवाजा तोडायला दया येत नाही. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. तरी माणसं आत जातात. दिल्लीची मधुमिता पांडे बावीस वर्षांची असताना, २०१३ मध्ये, इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीसाठी तिहारमध्ये गेली आणि तिने बलात्काराच्या शंभरावर कैद्यांशी बोलून घेतलं. राक्षस भेटतील या तयारीने गेलेल्या तिला भेटली ती अगदी साधी माणसं, ‘संमती’ म्हणजे काय हेच माहीत नसलेली. राक्षस भेटले असते तर आपल्या सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

दुसरी गोम त्याहून अवघड. समोरचा माणूस तुमच्याशी बोलतो तो तुमच्या शब्दावर. ‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’, असं तुम्ही त्याला सांगितलेलं असतं. पण उद्या पोलिसांनी नोटीस पाठवली तर? वकिलाला अशिलाचं गुपित राखायची मुभा कायदा देतो. संशोधकाला तशी मुभा आपल्याकडे नाही. उलट पॉक्सो कायद्यात, मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की ते कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, पीएचडीवालीलाही. म्हणजे शब्द देतानाच त्याची हद्द सांगावी लागते. अमेरिकेत रिक स्कार्स नावाच्या समाजशास्त्राच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये, प्राणिमुक्तीवाल्या कार्यकर्त्यांनी आपल्याला विश्वासाने सांगितलेलं ग्रँड ज्युरीपुढे उघड करायला नकार दिला. १५९ दिवस तो तुरुंगात होता. त्याच्यावर गुन्ह्याचा आरोपही नव्हता. त्याने फक्त दिलेला शब्द पाळला होता.

मैत्रिणीला मी हेच विचारलं. ते विशीतलं पोर तुला म्हणालं, ‘ताई, खातं कुणाला दिलं ते सांगतो, पण माझं नाव नको’, तर तुझी तयारी आहे का? कारण बँकेत असताना तू त्याचं नाव वर पाठवतेस. पीएचडीत तेच नाव तुला पोटात ठेवावं लागेल, आणि कुठवर ठेवता येईल हे त्याने तोंड उघडायच्या आधी त्याला स्पष्ट सांगावं लागेल. ती म्हणाली, विचार करून सांगते. सध्या नेटचा अभ्यास सुरू आहे, राजीनामा अजून ड्राफ्टमध्ये आहे. मला हा क्रम एकदम पसंत आहे.

तेव्हा मंडळी, सीरियल बघून ज्यांच्या मनात हे खूळ शिरलंय त्यांनी आधी एक करा. एक वही घ्या आणि स्वतःच्या कामातला, गल्लीतला, पेपरातला एखादा ‘का’ तिच्यात लिहा. गुन्हेगार कोण हे न विचारणारा ‘का’. सहा महिन्यांनी वही उघडा. प्रश्न शिळा वाटला तर छान, हप्ते भरत राहा आणि वीकेंडला ‘सीआयडी’चे जुने एपिसोड बघा. पण तो तेव्हाही छळत असेल, तर बॉसकडे ना-हरकत पत्राचा विषय काढायला हरकत नाही. फक्त अप्रेझल होऊन जाऊ द्या!