झोप नाही, पण भीती नाही

संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी माझ्याकडे वाणिज्य विषयावरील लेख मागितला, तेव्हा 'नोकरीतील समाधान' हा विषय मी हसत हसत स्वीकारला. हा धडा मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली एक सिद्धान्त मांडला. माणसाला समाधान मिळते ते प्रत्यक्ष कामातून, यशातून, कौतुकातून, जबाबदारीतून. पगार, वरिष्ठांची वागणूक, सहकाऱ्यांशी असलेले संबंध या गोष्टी बिघडल्या तर माणूस असमाधानी होतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो समाधानी होईलच असे नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो, मुले पाठ करून लिहितात आणि मीही मुकाट्याने गुण देतो. परंतु मागे एका मोठ्या रुग्णालयात वडिलांच्या उशाशी अकरा रात्री काढल्या, आणि या सिद्धान्तावरील माझा विश्वास बराच डळमळला. म्हणून या लेखाचा रोख कारखान्याकडून दवाखान्याकडे वळला आहे. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

आम्ही दुबलगुंडीचे. अप्पांना अचानक धाप लागू लागली. हुमनाबादला दाखवले, तेथून पुढे पाठविण्यात आले. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाही. वॉर्डात एक तरुण निवासी डॉक्टर होता; पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले वर्ष, गाव हासनकडचे. मराठी त्याला येत नव्हते आणि दुखण्यात अप्पांना आपली मराठी सोडून काही सुचत नव्हते. "जीव घाबरायलाय, कसंतरीच व्हायलंय," असे ते म्हणत. तो बिचारा माझ्याकडे बघे आणि मी सिस्टरकडे. सिस्टर बिदर जिल्ह्यातल्याच. कन्नड, मराठी, उर्दू सगळे त्यांच्या जिभेवर. 'जीव घाबरणे' म्हणजे भिणे नव्हे, छातीत कासावीस होणे, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले. आपल्या सीमाभागात सिस्टर ही अर्धी डॉक्टर असते ती अशी. पण हे कोणत्याच पगारपत्रकात लिहिलेले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडला या युनिटचे वरिष्ठ डॉक्टर आले. एका रुग्णाचा रिपोर्ट जागेवर सापडला नाही, एवढे निमित्त झाले. सगळ्या खाटांसमोर त्या पोराला ते म्हणाले, "तुला पदवी कोणी दिली?" पोरगा खाली मान घालून उभा राहिला. आम्ही नातेवाईक उगाच छताकडे बघू लागलो.

त्याच रात्री दोनच्या सुमारास अप्पांची तब्येत ढासळली. नाडी वेडीवाकडी, रक्तदाब उतरलेला, अंगाला घाम. तरुण डॉक्टरने जे त्याला सुचले ते केले. पण ते पुरे पडत नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून मलाही कळत होते. टेबलावर फोन होता. तो हातात घेई, परत ठेवी. असे तीनदा झाले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, मी लावते फोन. बोलणी बसली तर मला बसू देत." त्यांनी फोन लावला. पलीकडून सूचना आल्या, अप्पांना आय.सी.यू.त हलवले, आणि ते वाचले. गंमत अशी की वरिष्ठ त्या रात्री अजिबात रागावले नाहीत. म्हणजे ज्या भीतीने फोन तीनदा खाली ठेवला, ती भीती त्या रात्रीची नव्हती. ती सकाळी पेरलेली होती.

पुढे अप्पा आय.सी.यू.तून बाहेर आले ते दुसऱ्या युनिटच्या खाटेवर. इमारत तीच, पगार तोच, ड्यूटी तितकीच लांब. परंतु हवा निराळी. तिथले प्रमुख राऊंडला येत तेव्हा आधी सर्वांत लहान डॉक्टरला विचारत, "तुला काय वाटतं?" मग सिस्टरला विचारत, "रात्री कसे होते?" चूक झाली तर बाजूला नेऊन सांगत. तेथील एका निवासी डॉक्टरला मी एका पहाटे चहा पिताना सहज विचारले, कसे चालले आहे? तो म्हणाला, "निद्दे इल्ला, सर. आदरे भय इल्ला." झोप नाही, पण भीती नाही.

हर्झबर्गसाहेबांशी माझा मतभेद इथे आहे. हिशेबनिसाचा साहेब खडूस असला तरी ताळेबंद जुळतोच. रुग्णालयात मात्र एकाचे काम दुसऱ्याच्या हातून पुढे सरकते. रात्री रुग्णाजवळ असतो तो सर्वांत कमी अनुभवाचा. ज्ञान असते वरच्या मजल्यावर, किंवा घरी झोपलेले. खालच्याने "मला कळत नाही, जरा या" असे म्हटल्याशिवाय ते ज्ञान खाटेपर्यंत पोचत नाही. तेव्हा सहकाऱ्यांशी संबंध ही इथे कामाभोवतीची गोष्ट नसून तेच काम आहे. ते बिघडले की डॉक्टरला आपल्या कामाचे समाधान लाभणे शक्यच नाही, कारण विचारायला भ्यालो आणि माणूस गेला, हे ओझे तो आयुष्यभर वाहतो.

कोणी म्हणेल, खरे दुखणे कामाच्या तासांचे आहे. आहेच. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत सलग ड्यूटी सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तास यांहून अधिक नसावी असे लिहिले आहे. अमेरिकेत १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी लढा दिला, तेव्हा कुठे १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ८० तासांची मर्यादा आली. कागदावर आपण अमेरिकेच्या फार पुढे आहोत! पण त्या प्रकरणातही तास हे अर्धेच दुखणे होते. त्या रात्री वरिष्ठांशी बोलणे झाले ते केवळ फोनवर. म्हणून नव्या नियमांत तासांबरोबर वरिष्ठांच्या देखरेखीचीही अट घातली गेली.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ज्याला सेवा करायची त्याला काही अडत नाही. मग डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव निघते. जालना जिल्ह्यातील देहेडचा हा मुलगा महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून पाहिले, आणि १९८२ मध्ये त्याची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. विंचवाची ओळख असणाऱ्या आपल्या भागाने त्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण असा एखादाच असतो. एवढ्या भरवशावर रात्रीचा वॉर्ड चालवता येत नाही.

हा विषय आपल्या महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असे वाटणाऱ्यांसाठी सांगतो. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (जे) आले आणि आपल्या भागातील मुलामुलींसाठी वैद्यकीय शिक्षणात जागा राखल्या गेल्या. आपल्या खेड्यांतील, घरात पहिल्यांदाच पदवी पाहणारी मुले आता त्या वॉर्डांत उभी आहेत. "कोट्यातली" हा शब्द त्यांच्या कानावर पडतो, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीच मला सांगितले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या तरुण निवासी डॉक्टरने आपले जीवन संपवले. ती जळगावची, आदिवासी तडवी समाजातील. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम, माझे नव्हे. पण त्या बातमीनंतर आपल्या गावाकडच्या किती आयांनी वसतिगृहात फोन केले असतील, याचा मी विचार करतो.

"आम्हीही अशीच बोलणी खाऊन शिकलो," हे वरिष्ठांचे ठरलेले उत्तर. ते आम्हा प्राध्यापकांचेही असते. एकदा शंका विचारणाऱ्या मुलाला मी भर वर्गात म्हणालो होतो, "मागच्या तासाला झोपला होतास का?" वर्ग हसला. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा कधी हात वर केला नाही. माझ्या वर्गात फार तर एक मुलगा नापास होतो, एवढाच फरक.

दोन महिन्यांनी अप्पांना तपासणीसाठी नेले, तेव्हा मी मुद्दाम जुन्या वॉर्डात डोकावलो. सिस्टर तिथेच होत्या. हासनच्या डॉक्टरची चौकशी केली. "गेले ते," त्या म्हणाल्या. "बाँडचे पैसे वडिलांनी भरले म्हणे. सीट सोडली." त्या जागी नवीन मुलगी आली होती, हातात केसपेपर घेऊन ती सिस्टरला विचारत होती की 'कळ निघणे' म्हणजे नेमके काय. अप्पा परतीच्या बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोराला एकदा घरी जेवायला बोलवायचं राहूनच गेलं."