घरातलं विज्ञान : धुणाऱ्यालाही धुवायचं!

बालदोस्तांनो,

आज आधी एक कोडं घालते. पोटात पाणी भरतो, गरगर फिरतो, साऱ्या घराचे कपडे धुतो; पण स्वतः मात्र कधी आंघोळ करत नाही. ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! वॉशिंग मशीन.

तुम्ही म्हणाल, "बाई, ज्याच्या पोटातून रोज साबणाचं पाणी फिरतं, त्याला आणखी कसली आंघोळ?" मग एक काम करा. मशीन बंद असताना त्याचं झाकण उघडा आणि नाक जरा जवळ न्या. कुबट वास आला? ओल्या फडक्यासारखा? आला असेल तर आजचा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या, बरं का!

हा वास येतो कुठून? आपले कपडे मशीनमध्ये जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर घाम, अंगाचं तेल, कातडीचे बारीक कण आणि धागे जातात. बरीचशी घाण पाण्याबरोबर वाहून जाते, पण थोडी आत राहते. रबराच्या घडीत, पावडरच्या खणात, पाणी जायच्या नळीत आणि फिरणाऱ्या टबाच्या मागच्या बाजूला, जिथं आपली नजर पोचत नाही तिथं ती चिकटून बसते. पावडर जास्त टाकली की ती नीट धुऊन निघत नाही. तिचाही थर या घाणीवर चढतो. झाकण बंद असलं की आत ओल आणि अंधार! जिवाणूंना आणि बुरशीला आणखी काय हवं? खायला आहे, प्यायला आहे, राहायला घर आहे. ते तिथं बुळबुळीत थर करून राहतात.

असा थर तुम्ही रोज अनुभवता. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून बघा. बुळबुळीत लागतं ना? तो थरही जिवाणूंचाच. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहुक नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे कापडाचे व्यापारी. त्यांना स्वतःच्या हातानं भिंगं घासायचा नाद होता. १६८३ मध्ये त्यांनी दातांवरची घाण भिंगाखाली पाहिली, तर तिच्यात चिमुकले जीव वळवळत होते! नुसती चूळ भरून हा थर जात नाही, ब्रशनं घासावाच लागतो. मशीनचंही तसंच. कपडे धुताना नुसतं पाणी फिरून हा थर निघत नाही.

आणि कपड्यांना येणारा तो ओलसर वास? जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचा एक मोठा गुन्हेगार शोधून काढला. त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. नाव भारदस्त आहे, पण हा जिवाणू परका नाही. तो माणसाच्या कातडीवरही राहतो. ओल्या कपड्यात उरलेल्या मळावर तो वाढतो आणि वासाचं आम्ल तयार करतो. थंड पाण्यानं धुतलं तर तो पुरता जात नाही. म्हणून वाळलेला कपडा घातल्यावर घाम आला, की वास पुन्हा हजर!

हे सगळं मी का सांगते आहे, माहितीय? एका पावसाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा हळूहळू शेवटच्या बाकावर सरकला. शेजारी बसणारी मुलं नाक दाबायची आणि "आंघोळ करत नाहीस का रे?" म्हणून हसायची. तो रोज आंघोळ करायचा. गणवेशही रोज धुतलेला असायचा. त्याची आई भेटायला आली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "बाई, रोज धुते हो. पावडर तर दुप्पट टाकते." तिथंच मेख होती! सकाळी मशीन लावून ती कामावर जायची. ओले कपडे संध्याकाळपर्यंत बंद मशीनमध्ये पडून राहायचे. कपडे काढले की झाकण पुन्हा घट्ट बंद. मग त्यांनी मशीन आतून धुतलं, पावडर मापात आणली, कपडे लगेच वाळत घालायला सुरुवात केली. आठवड्याभरात वास गेला. त्या मुलाला पुढच्या बाकावर यायला मात्र त्याहून जास्त दिवस लागले.

तेव्हा दोस्तांनो, कोणाच्या कपड्याला वास आला तर नाक दाबू नका. दोष त्या मुलाचा नसतो आणि त्याच्या आईचाही नसतो.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. दोन सारखे रुमाल दिवसभर वापरा. रात्री दोन्ही एकाच बादलीत, एकाच साबणानं धुऊन पिळा. एक दोरीवर पसरा, दुसरा ओलाच डब्यात घालून झाकण लावा. दोन दिवसांनी दोन्हींचा वास घ्या. काय फरक पडला, ते वहीत लिहा. (डब्यातला रुमाल नंतर गरम पाण्यानं धुवायला विसरू नका!)

तुम्ही करायची कामं

१. मशीन थांबल्याची शिट्टी झाली की कपडे लगेच काढायला मदत करा. पावसाळ्यात घरात वाळत घालताना दोन कपड्यांमध्ये अंतर ठेवा आणि वर पंखा लावा.

२. समोरून दार असलेलं मशीन असेल, तर दारातलं रबर कोरड्या फडक्यानं पुसा. घडीच्या आतसुद्धा! तिथं केस, पिना, नाणी सापडतात.

३. खिसे आधी तपासा. कागदाचा लगदा जाळीत अडकतो.

४. पावडरचा खण आठवड्यातून एकदा बाहेर काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. धागे अडकवणारी जाळी असेल तर तीही धुवा.

५. झाकण किंवा दार किलकिलं ठेवा, म्हणजे आत वारा खेळेल. याला एक पैसाही लागत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

आई-बाबांसाठी

महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून 'टब क्लीन'वर किंवा ६० अंश अथवा त्याहून गरम पाण्यावर चालवावं. पाणी तापवायची सोय नसेल, तर मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावं. बोअरिंगच्या जड पाण्यानं आत पांढरा क्षार बसतो, त्यावर मळ आणखी धरतो. पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल, तर वाण्याकडचं सायट्रिक ॲसिड टाकून क्षार काढता येतो. पण ब्लीच आणि कोणतंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. सुवासिक द्रव ओतून वास फक्त झाकला जातो, थर तसाच राहतो.

खालचा फिल्टर मोठ्यांनीच साफ करावा. आधी प्लग काढावा, आतलं पाणी गार होऊ द्यावं आणि खाली पसरट ताट ठेवावं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनची नळी खाली सोडून त्यातलं सगळं पाणी काढून टाकावं. ड्रायर पुरता थांबल्याशिवाय कोणीही आत हात घालू नये. घरात लहान बाळ असेल, तर मशीनचं दार चार बोटांइतकंच उघडं ठेवून त्या खोलीचं दार लावून घ्यावं. मशीनमध्ये लपायचा खेळ तर कधीच नाही!

आता या रविवारचा गृहपाठ. वरच्या पाच कामांची यादी कागदावर लिहा. प्रत्येक कामापुढं घरातल्या एकेकाचं नाव घाला आणि कागद मशीनशेजारी चिकटवा. आईचं नाव पाचही ठिकाणी आलं, तर मार्क शून्य, बरं का!

पुढच्या आठवड्यात भेटू या.

तुमच्या,
बाई