तोरण पडद्यावरचे, झेंडा बिळाशीचा

व्ही. शांताराम यांची कारकीर्द एका पुरुषाच्या कर्तृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते. ही मांडणी भांडवली आहे, म्हणूनच अपुरी आहे. गंधर्व नाटक मंडळीतला हा बालनट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करीत घडला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्याने जमीन गमावून गिरणीची वाट धरणारा शेतकरी उभा केला. १९२७ मध्ये तो 'नेताजी पालकर'चा दिग्दर्शक झाला. १९२९ ची 'प्रभात' तर पाच भागीदारांची होती.

१९३० च्या मूकपटाचे 'स्वराज्याचे तोरण' हे नाव परकीय सरकारला सोसवले नाही. तो 'उदयकाल' या नावाने दाखवावा लागला. त्याच वर्षी शिराळ्याच्या बिळाशीत शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रह करून तिरंगा उभारला. दोहोंना भिणारी सत्ता एकच होती. मग एकाला 'चित्रपती' म्हणून मखरात बसवायचे आणि दुसऱ्यांची नावेही विसरायची, हा कोणता न्याय?

शिराळ्याच्या कार्यकर्त्यांनी शांताराम जरूर सांगावेत. पण सावकार, शेतकरी आणि बिळाशी यांच्यासह सांगावेत. कलावंत जनतेतून येतो. त्याला जनतेपासून तोडणारा गौरव म्हणजे सभ्य चोरीच होय.