कॉम्प्युटरलाच घालायचं आहे!



सीईटीचा निकाल लागला आणि बस्तीतून बाहेर पडताना, चपला शोधता शोधता, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येतंय, "कॉम्प्युटरला मिळालं की सुटलो." परवा एका सूनबाईंना मी विचारलं, "मुलाला प्रोग्रॅमिंग आवडतं का गं?" ती म्हणाली, "आवडायचा काय संबंध, काकू? नोकरी लागते ना!"

हे वाक्य मला आता ऐकवत नाही, कारण २०२१ मध्ये ते मीच बोलले होते. करोनानंतरची ती वर्षं. कंपन्या पोरं धडाधड घेत होत्या. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला कॅप राउंडमधून चांगल्या जुन्या कॉलेजात मेकॅनिकल मिळत होतं. मी बी.कॉम. झालेली, घरातली हिशेबवाली म्हणून माझा शब्द चालतो. मी सांगितलं, "एफडी मोडा, पण कॉम्प्युटरलाच घाला." मग एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंटची जागा घेतली. फीची पावती मिळाली, वरच्या तीन लाखांची नाही. असं डोनेशन घेणं आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दिरांना माहीत होतं आणि मलाही. पर्युषणात अचौर्याचं प्रवचन पुढच्या रांगेत बसून ऐकणारी माणसं आम्ही, पण पैसे पिशवीतून गेले ते गेलेच.

चार वर्षं पोराने काय केलं? मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं उतरवून काढली. व्हायव्हाला ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरं. पहिला वर्ग मिळाला! मुलाखतीत त्याला विचारलं, आकड्यांच्या यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधणारा प्रोग्रॅम कागदावर लिही. त्याला आला नाही. मग पुण्यात 'नोकरीची हमी' देणारा क्लास, साठ हजार. तिथेच कुणीतरी सांगितलं, आणखी चाळीस हजार दे, दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र देतो. पोरगं त्या रात्री मला फोन करून म्हणालं, "काकू, हे मला नाही जमणार." आमच्या घरात त्या चार वर्षांत खरं वागलेलं ते एकटंच.

आता जमाखर्च मांडते, कारण आपण सोनं घेताना घडणावळीवरून तासभर घासाघीस करतो आणि इथे आकडाच बघत नाही. मोठ्या कंपन्यांत नवख्या मुलाचा पगार पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता. आजही बहुतेकांचा साडेतीनच्या आसपासच आहे. दूध, भाडं, डबा, सगळं तेवढ्यावरच राहिलं का? साडेतीन लाखांतले महिना पंचवीस-सव्वीस हजार हातात येतात. पुण्यात खोली, डबा, जाणं-येणं यात पंधरा हजार जातात. आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साडेतेरा हजार. बेरीज तुम्हीच करा. आणि हे नोकरी लागली असं धरून.

लागण्याचीही खात्री पूर्वीसारखी नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि नवख्या पोरांना पहिल्या वर्षी जे साधं काम देत, त्यातलं बरंच आता यंत्र लिहून देतं. त्याच वेळी एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या ठरवलेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा असाव्यात याची कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा वाढताहेत आणि आपल्याला वाटतंय की मागणी वाढली म्हणून जागा वाढल्या. अहो, मागणी आपली वाढलीय, आयांची!

म्हणजे या धंद्यात आता राम नाही, असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमागवाल्याच्या मुलीने तालुक्याच्या कॉलेजातून बी.सी.एस. केलं. कॉलेज साधं, फी किरकोळ. पण दुसऱ्या वर्षाला असताना तिने वडिलांच्या सुताच्या आवक-जावकीचा प्रोग्रॅम लिहिला आणि चुकला की पुन्हा लिहिला. तिला नोकरी आहे. मी तिला विचारलं, यात एवढं काय असतं गं? तिचं ऐकता ऐकता मला माझी तेरीज आठवली. दोन्ही बाजूंत अकरा रुपयांचा फरक येतो आणि तो सापडेपर्यंत झोप लागत नाही, तसंच ते काम आहे. ज्याला तो फरक शोधायला मजा येते, त्याने जरूर जावं. यंत्राने लिहिलेलं तपासायलाही असंच डोकं लागणार. ज्याला कंटाळा येतो, त्याच्या डिग्रीला आपण कितीही लाख ओतले तरी फरक तिथेच राहतो.

आणि हा नाद लावला कुणी? वधू-वर मेळाव्यात स्टेजवर मुलगा उभा राहिला की पहिला प्रश्न 'पॅकेज किती?' कुणाचा असतो? शेती आहे, दुकान आहे, स्वभाव चांगला आहे, अशी मुलं पस्तिशीला आली तरी बसून आहेत, आणि त्यांच्याच आया धाकट्याला कॉम्प्युटरला घालायला कर्ज काढताहेत. माझ्या लेकीच्या वेळी मीसुद्धा खताच्या दुकानाचं एक चांगलं स्थळ पुणं नाही म्हणून परत पाठवलं होतं. आज कबूल करते.

पोरगा आता दिरांच्या दुकानात बसतो. टॅलीवर हिशेब ठेवतो, चेहरा जरा उजळलाय. एफडी मात्र गेलीच.

त्याची बहीण यंदा बारावी झाली. जाऊबाई फॉर्म घेऊन आल्या, "ताई, पहिला पर्याय काय टाकू?" मी मुलीलाच आत बोलावलं. ती म्हणाली, "काकू, आवडेल का ते अजून माहीतच नाही." एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तरच. त्यातला पायथॉनचा एक तिने सुरू केलाय. रोज दुपारी माझ्याकडेच बसते, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर. काल संध्याकाळी जेवण आटपायची वेळ झाली, सूर्य मावळतीला आला, दोनदा हाक मारली तरी उठेना. म्हणाली, "थांब गं काकू, एक चूक सापडत नाहीये." फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.