पोस्टरवर सही कुणाची?

कारखान्याचं धुराडं, आणि वर जाता जाता त्याचीच झालेली मूठ. रंग एकच, शब्द दोन-तीन. एखाद्या कॅफेत, नाहीतर मित्राच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर हे पोस्टर फ्रेममध्ये पाहिलं असेल तुम्ही. दिसतं झकास! पण ते मुळात आलं कुठून?

पॅरिस, मे १९६८. विद्यार्थी रस्त्यावर, कामगार संपावर. ‘एकोल दे बोझार’ हे तिथलं नामांकित कला महाविद्यालय मुलांनी ताब्यात घेतलं आणि आत छापखानाच थाटला. नाव ‘आतलिए पॉप्युलेर’, म्हणजे लोकांची कार्यशाळा. पहिलं पोस्टर लिथोवर छापलं, पण ते काम भलतंच सावकाश. मग सिल्कस्क्रीन आलं आणि पोस्टर्सचा धडाका सुरू झाला. कागद? वर्तमानपत्रांच्या संपकरी कामगारांनी दिलेले उरलेसुरले रोल. आणि तो एकच रंग म्हणजे काही स्टाइल नव्हती बरं का. पटापट छापून भिंतीवर लावायचं होतं, बस्स.

खरी गंमत त्यांच्या मीटिंगची. रोज सगळे जमायचे आणि प्रत्येक डिझाइनवर दोन प्रश्न व्हायचे. राजकीय मुद्दा बरोबर आहे का? आणि पोस्टरमधून तो नीट पोचतोय का? मग मतदान. सही कुणाचीच नाही. (आपल्याकडे प्रेझेंटेशनवर आधी नाव कुणाचं, यावरून आठवडाभर अबोला!) बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालू असताना आपल्याच घोषणेला ‘हे बरोबर आहे का’ विचारायचं, हे मला जाडजूड ग्रंथांपेक्षा अवघड वाटतं. मोठ्या नावांचं म्हणाल तर सार्त्र मुलांच्या बाजूने उभा राहिला, सॉर्बोनमध्ये जाऊन बोललाही. पण १९६९ मध्ये एका सभेत भाषणाआधी त्याच्यासमोर चिठ्ठी आली: सार्त्र, थोडक्यात आटप.

२७ जून १९६८ ला पोलिसांनी मुलांना बाहेर काढलं. ही पोस्टर्स शोभेची नाहीत, त्यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्यांच्या भिंतींवर, असं त्यांनी बजावलं होतं. आज ती संग्रहालयांत आहेत, लिलावात विकली जातात. मला त्याचा राग येत नाही. कुणीतरी जपली म्हणून तर आपल्याला दिसतात! पण गी दबोरने हे आधीच ओळखलं होतं. आपल्या जगण्याचाच देखावा होऊन बसतो, असं त्याने १९६७ च्या पुस्तकात मांडलं. त्याची हस्तलिखितं देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून २००९ मध्ये फ्रान्स सरकारने ती ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर केली.