टाकी मोठ्याची, नोटीस टिपाडाला



तेलाची टाकी फुटली की सरकार जागे होते. जागे झाले की कायदा करते. कायदा झाला की तो राबवायला सगळ्यात लहान माणूस शोधते. हा रिवाज मोडायचा तर आधी टाक्यांचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

थंड मुलखात घर तापवायला तेल जाळतात. उत्तर आयर्लंडात निम्म्याहून अधिक घरे अशी तेलावर ऊब धरतात. परसात जमिनीवर टाकी, वर्षातून एकदोनदा टँकर येतो. टाकी गंजली, तडकली तर तेल मातीत मुरते आणि विहिरीपर्यंत जाते. आपल्या इंजिनाच्या डिझेलचा हा सख्खा भाऊ. विहिरीत उतरला की महिनोन्महिने वास जात नाही.

तेव्हा नियम हवेत का? हवेत. पण ते कोणावर बसवायचे, इथेच खरी गोम आहे.

२ जानेवारी १९८८. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्लोरेफ गावी अ‍ॅशलंड ऑइल कंपनीची डिझेलची टाकी उभी फाटली. टाकी दुसरीकडून उकलून आणलेल्या चाळीस वर्षांच्या जुन्या पत्र्याची. काठोकाठ पाणी भरून चाचणी घ्यायची, तीही घेतली नाही. जवळजवळ चाळीस लाख गॅलन तेल लाटेसारखे उसळले, पाळ ओलांडून गेले. त्यातले लाखो गॅलन मोनोंगाहेला नदीत उतरले आणि तीन राज्यांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर संकट आले.

पुढच्या वर्षी, १९८९ साली, त्या राज्याने टाक्यांचा कायदा केला. मोठ्या टाक्यांना नोंदणी आणि तपासणी लावली. शेतावरची स्वतःच्या वापराची इंधनटाकी मात्र १,१०० गॅलनपर्यंत, म्हणजे चार हजार लिटरच्या वर, कायद्यातून वगळली. जागेवरच जाळायच्या तेलाची टाकी ३०,००० गॅलनपर्यंत वगळली. ज्याने नदी नासवली त्याच्या दारात इन्स्पेक्टर, शेतकऱ्याच्या दारात नाही. एवढी अक्कल त्यांना होती.

इंग्लंडने २००१ साली वेगळी वाट धरली. घरगुती टाकी ३,५०० लिटरच्या वर गेली की, आणि व्यापारी साठा २०० लिटरच्या वर गेला की, टाकीभोवती पाळ हवी. पाळीत टाकीच्या ११० टक्के तेल मावले पाहिजे. शेतावरच्या इंधनाला वेगळा नियम, १,५०० लिटरच्या वर. तिथेही पाळ तेवढीच आणि ओढ्यानाल्यापासून दहा मीटर अंतर. या नियमाचे गणित शेतकऱ्याला शाळेत न जाताही कळते. शेताला बांध कशाला घालतात हे त्याला कोणी शिकवायचे?

आता आपल्याकडे या. पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा, इंग्रजाच्या काळचा. त्यात आज डिझेलसारखे तेल एका जागी २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. अट एकच, कोणतेही भांडे हजार लिटरहून मोठे नको. कागदावर मोकळीक आहे. पण ज्वारीची मळणी तोंडावर आली आणि कॅन घेऊन गेलात, तर कित्येक पंपांवर हात हलवून परत पाठवतात. ट्रॅक्टरच घेऊन या म्हणतात. इंजिन काय बैलगाडीत घालून पंपावर न्यायचे?

आणि मोठ्यांचे काय? २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्यात इंडियन ऑइलचा डेपो पेटला. अकरा माणसे तरी गेली, आग आठवड्यावर जळत राहिली. चौकशीत निघाले की तेल दुरून तोडायचा व्हॉल्व्हच चालत नव्हता. शिक्के, परवाने, रजिस्टरे यांची तिथे काय वाण होती? रशियात नोरिल्स्कला २९ मे २०२० रोजी वीजकेंद्राची टाकी कोसळली, सुमारे २१ हजार टन डिझेल सांडले. कंपनीला १४६ अब्ज रुबल भरावे लागले. एवढ्या तेलाला आपली किती टिपाडे लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कोणी म्हणेल, लहानाचे तेल काय सांडत नाही? सांडते. विहिरीकाठचे गंजके टिपाड शेजाऱ्याचेही पाणी नासवते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याला उपाय परवान्याचा कागद नव्हे. कागदाने गळती थांबत नाही, चिरीमिरी तेवढी सुरू होते. उपाय आहे तो दर्जाचा. टाकी विकणाऱ्याने मजबूत टाकी विकावी, पत्र्याची जाडी आणि साल तिच्यावर छापावे, गळकी निघाली तर भरपाई द्यावी. तपासणी कारखान्यात करा, शेतकऱ्याच्या कोठ्यात नको.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या लावून धरू.

एक : मोठ्या डेपोंच्या आणि कारखान्यांच्या टाक्यांचा तपासणी अहवाल दरवर्षी आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा.

दोन : कायद्याने दिलेल्या मर्यादेत शेतकऱ्याला मजबूत कॅनमध्ये, टिपाडात डिझेल मिळालेच पाहिजे. तसा लेखी आदेश प्रत्येक पंपावर लावा.

तीन : टाकी आणि टिपाड बनवणाऱ्यावर दर्जाची सक्ती करा.

आणि आपले काम आपण करू. टिपाड विहिरीपासून लांब, विटेवर, सावलीत ठेवा. भोवती पक्की पाळ घाला. चुलीपासून, कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवा. यासाठी कोणा साहेबाची वाट पाहायची गरज नाही.